सैराट : वास्तववादी प्रेमकथा आणि कौटुंबिक प्रेक्षक

सैराट हा नागराज मंजुळे दिग्दर्शित मराठी चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात घडणारी ही प्रेमकथा सधन पाटलाची मुलगी अर्चना (आर्ची) आणि मासेमारीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबातील मुलगा प्रशांत (परश्या) यांची आहे. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांनी या भूमिका केल्या असून दोघांचाही हा पहिलाच चित्रपट होता. तिकीटविक्रीतून शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला.

चित्रपट मोठ्या संख्येने सहकुटुंब पाहिला गेला. तरीही ‘हा चित्रपट मुलांना घेऊन पाहावा का’ या प्रश्नावर त्याच्याइतकी चर्चा मराठीत क्वचितच झाली असेल. प्रेमकथेच्या कौटुंबिक प्रेक्षणयोग्यतेचा प्रश्न सामान्यतः शारीरिक जवळिकीच्या दृश्यांभोवती फिरतो. सैराटमध्ये अशी दृश्ये अत्यल्प आहेत. त्याचा सर्वांत कठीण भाग घरातल्या माणसांनी केलेल्या हिंसेचा आहे. त्यामुळे या चित्रपटाची योग्यायोग्यता ठरवताना नेहमीचे निकष अपुरे पडतात. प्रस्तुत लेखात चित्रपटाचा आशय, त्याचे प्रमाणन, त्यावरील आक्षेप आणि त्याच्याशी निगडित कायदेशीर बाबी यांची माहिती दिली आहे. चित्रपटाचा शेवट लेखात उघड केलेला आहे.

नाव आणि पार्श्वभूमी

‘सैराट’ या शब्दाचा अर्थ मोकाट, बेभान, कोणाच्याही आवरात नसलेला असा होतो. चित्रपटाच्या पूर्वार्धातील वातावरणाला हा शब्द नेमका लागू पडतो. उत्तरार्धात त्याच मोकळेपणाची किंमत दिसते.

नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. ‘पिस्तुल्या’ या लघुपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातही जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्या घरातला शाळकरी मुलगा आणि वरच्या जातीतील वर्गमैत्रीण यांच्यातील, बहुतांशी अबोल राहिलेले आकर्षण आहे. ‘फँड्री’तील मुलाचे प्रेम त्याच्या मनातच राहते, सैराटमध्ये ते दोन्ही बाजूंनी व्यक्त होते आणि घराबाहेर पडते. या दृष्टीने सैराट हा ‘फँड्री’चा पुढचा टप्पा मानता येतो.

सैराटच्या आधी काही वर्षे मराठी चित्रपटांत किशोरवयीन भावविश्वाचा विषय वारंवार येऊ लागला होता. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील ‘शाळा’ जानेवारी २०१२ मध्ये, रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ जानेवारी २०१३ मध्ये आणि त्यांचाच ‘टाइमपास’ जानेवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. ‘बालक-पालक’ने तर मुलांची लैंगिक उत्सुकता आणि पालकांचे मौन हाच विषय मांडला होता. घरातील मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून असे चित्रपट पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला सैराटपूर्वीच काही प्रमाणात झाली होती.

कथानक

परश्या गावच्या क्रिकेट संघाचा म्होरक्या आणि अभ्यासात बरा असलेला तरुण आहे. प्रदीप (तानाजी गालगुंडे) आणि सलीम (अरबाज शेख) हे त्याचे जिवलग मित्र. आर्ची ही परिसरातील बलाढ्य राजकारणी तात्या पाटील यांची मुलगी. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पुरुषांसमोर निर्भीडपणे बोलते. महाविद्यालयात दोघांची ओळख वाढते आणि प्रेम जमते.

आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाच्या समारंभात हे प्रेम उघडकीस येते. परश्याला आणि त्याच्या मित्रांना मारहाण होते. दोघे पळून जातात तेव्हा पाटील पोलिसांवर दबाव आणून मुलांवर गंभीर गुन्ह्याची नोंद करू पाहतात. आर्ची ती कागदपत्रे फाडून टाकते आणि मुलांना सोडवते. पाठलागातून सुटून दोघे अखेर हैदराबादला पोहोचतात.

उत्तरार्धात कथेचा सूर पूर्ण बदलतो. अनोळखी शहर, अनोळखी भाषा, संपत आलेले पैसे. रात्री गुंडांच्या तावडीत सापडलेल्या या जोडप्याला झोपडवस्तीत राहणारी सुमनअक्का (छाया कदम) सोडवते आणि आसरा देते. परश्या स्वयंपाकाचे काम धरतो, आर्ची कारखान्यात जाऊ लागते. मोठ्या घरात वाढलेल्या आर्चीला वस्तीतील स्वच्छतागृहापासून प्रत्येक गोष्ट जड जाते. परश्याच्या मनात संशय शिरतो, भांडणे होतात, तो तिच्यावर हात उगारतो. आर्ची घर सोडून निघते आणि परतही येते. दोघे नोंदणी पद्धतीने विवाह करतात, त्यांना मुलगा होतो, संसार स्थिरावतो.

काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते. त्यानंतर तिचा भाऊ आणि नातलग आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात उभे राहतात. आर्ची त्यांना घरात घेते, चहा ठेवते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते तेव्हा आईवडिलांचे मृतदेह घरात पडलेले असतात. मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांच्या ठशांवर चित्रपट संपतो.

वास्तववादी मांडणी

चित्रपटातील वास्तवाचा आभास अनेक घटकांतून उभा राहतो. प्रमुख कलावंत नवखे आहेत. चित्रीकरणाच्या काळात रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी विद्यार्थिनी होती, तर आकाश ठोसर कुस्ती खेळणारा तरुण होता. संवाद भारत मंजुळे यांचे असून ते करमाळा भागाच्या बोलीत आहेत. प्रमाण मराठीचा वापर वर्गातील व्याख्यानासारख्या मोजक्या ठिकाणी होतो. विदर्भातील वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या प्रेक्षकाला ही बोली वेगळी वाटते, तरी ती समजण्यास अडचण येत नाही. महाराष्ट्राच्या सर्व विभागांत चित्रपट चालला, यावरून बोलीभाषा हा व्यापक लोकप्रियतेतील अडथळा असल्याचा समज या चित्रपटाने खोटा ठरवला.

सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे छायालेखन आणि कुतुब इनामदार यांचे संकलन आहे. करमाळ्याचे कमलाभवानी मंदिर परिसर, तेथील पायविहीर आणि उजनी धरणाचा जलाशय ही स्थळे चित्रपटात दिसतात. जातीचा उल्लेख संवादांत क्वचित येतो. पण कोण कोणाच्या घरात जाते, कोणाला पाणी कुठे मिळते, पंचायतीपुढे कोणाला मान खाली घालावी लागते यांतून ती सतत दिसत राहते. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गातच प्राध्यापकांच्या कानशिलात मारतो आणि त्याचे वडील त्याला आवरत नाहीत, हा प्रसंग सत्ता घरातून वर्गात कशी पोहोचते हे दाखवतो. पुढे बहिणीच्या बाबतीत हाच हात कुठवर जातो, याची ती पूर्वसूचना ठरते.

संगीत

अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेली चार गाणी चित्रपटात आहेत : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. त्यांतील वाद्यमेळाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत हॉलिवूडमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात झाले. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघे गाव सोडतात त्यानंतर गाणे येत नाही आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही.

या रचनेचा परिणाम चित्रपटाच्या सामाजिक वापरावरही झाला. ‘झिंगाट’ लग्नाच्या वरातींत, गणेशोत्सवात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजू लागले. लहान मुलांना गाणे पाठ असे. मात्र ते ज्या कथेतले आहे तिचा शेवट त्यांना ठाऊक असेलच असे नव्हते. अनेक घरांत चित्रपटाविषयीचा पहिला प्रश्न गाण्यावर नाचणाऱ्या मुलांकडून आला तो यामुळेच.

प्रमाणन आणि वयोगट

भारतात चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. सुरुवातीला ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ (प्रौढांसाठी) असे दोनच वर्ग होते. १९८३ मध्ये ‘यू/ए’ आणि विशिष्ट व्यावसायिक गटांसाठीचा ‘एस’ हे वर्ग जोडले गेले. ‘यू/ए’ म्हणजे चित्रपट सर्वांसाठी खुला, पण बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत निर्णय पालकांनी घ्यावा. सैराटला ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळाले. पुढे तो दूरचित्रवाणीवरही दाखवला गेला.

या वर्गाची मर्यादा उघड होती. सात वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल यांना तो एकाच मापाने मोजत असे आणि बारा वर्षे पूर्ण होताच सर्व प्रश्न संपल्याचे गृहीत धरत असे. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने हा वर्ग ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ अशा तीन भागांत विभागला. त्यापूर्वी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या मंचांसाठी अशीच वयोगटांची विभागणी आणली होती. त्यात ‘१३+’ आणि त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावता येण्याची सोय असणे बंधनकारक आहे. सैराट २०१६ चा असल्याने त्याच्या मूळ प्रमाणपत्रावर ही नवी विभागणी नाही.

परदेशी महोत्सवातील त्याचे स्थानही या संदर्भात लक्षणीय आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ६६व्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो ‘जनरेशन फोर्टीन प्लस’ या विभागात दाखवला गेला. हा विभाग चौदा वर्षे आणि त्यावरील तरुण प्रेक्षकांसाठी असतो. म्हणजेच ज्या वयाच्या मुलांना तो दाखवावा का याविषयी महाराष्ट्रात दुमत होते, नेमक्या त्याच वयाच्या प्रेक्षकांसाठी महोत्सवाने तो निवडला होता.

आशयाचे स्वरूप

कौटुंबिक प्रेक्षणाच्या दृष्टीने चित्रपटातील आशय पुढीलप्रमाणे सांगता येतो.

प्रेमदृश्ये : पूर्वार्धातील प्रेम नजरा, चिठ्ठ्या, फोनवरील बोलणे आणि शेतातील भेटी यांतून व्यक्त होते. शारीरिक जवळीक मर्यादित आणि सूचक आहे.

भाषा : ग्रामीण तरुणांच्या बोलण्यातील शिव्या आणि रांगडे शब्द आहेत. प्रदीपच्या पायातील व्यंगावरून त्याला मारली जाणारी हाक आणि त्यावरचा विनोद हाही भाषेचाच भाग आहे. लहान मुले असे शब्द पटकन उचलतात, त्यामुळे त्यावर घरात बोलणे आवश्यक ठरते.

हिंसा : मारहाणीची दृश्ये अनेक आहेत. हैदराबादच्या रस्त्यावरील प्रसंगात आर्चीवर अत्याचाराचा प्रयत्न होतो. अखेरची हत्या प्रत्यक्ष घडताना दिसत नाही, परंतु तिचा परिणाम दिसतो. लहान मुलांसाठी सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की हा परिणाम एका अतिशय लहान मुलाच्या दृष्टीतून दाखवला आहे.

कौटुंबिक हिंसाचार : परश्याचा संशय आणि त्याने आर्चीवर उगारलेला हात हे प्रसंग नायकाच्या हातून घडतात. नायकाला निर्दोष न ठेवणे हे चित्रपटाच्या वास्तववादाचे एक अंग आहे. मात्र हा प्रसंग चर्चेविना सोडल्यास किशोरवयीन प्रेक्षकाला तो प्रेमाचाच भाग वाटण्याची शक्यता राहते.

लांबी : चित्रपट सुमारे १७४ मिनिटांचा आहे. त्याचा आनंददायी भाग पूर्वार्धात आणि जड भाग उत्तरार्धात असल्याने मध्यंतरापर्यंत पाहून मुलांसाठीची योग्यता ठरवता येत नाही.

या सर्वांचा विचार करता हा बालकांसाठीचा चित्रपट नाही. तेरा-चौदा वर्षांपुढील मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीने पाहणे हे बर्लिनमधील निवडीशी आणि नव्या वयोगटांच्या तत्त्वाशीही जुळते.

कुटुंबाचे चित्रण

हिंदी आणि मराठी व्यावसायिक चित्रपटांत ‘कौटुंबिक प्रेमकथा’ या संज्ञेला एक ठरावीक अर्थ आला होता. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटात नायक नायिकेला पळवून नेण्यास नकार देतो आणि अखेरीस तिचे वडील स्वतःच तिचा हात सोडून तिला जाऊ देतात. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्येही वडिलांची कसोटी पार करूनच प्रेम सफल होते. अशा कथांत कुटुंबाची मान्यता हे बक्षीस असते. म्हणूनच ते चित्रपट पालक आणि मुले निर्धास्तपणे शेजारी बसून पाहू शकतात : पडद्यावरचे वडील अखेरीस चांगलेच निघणार असतात.

‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मध्ये शेवट शोकात्म आहे. तेथे दोन घराण्यांचे वैर कारणीभूत ठरते आणि ते दोन्हीकडे तुल्यबळ आहे. सैराटमध्ये वैर नाही, उतरंड आहे. परश्याच्या वडिलांना जातपंचायतीपुढे स्वतःच्या मुखात मारून घ्यावे लागते. त्यांच्या मुलीच्या लग्नात अडचणी येतात. पाटलांनाही राजकीय प्रतिष्ठा गमावावी लागते. दोन्ही घरांचे नुकसान होते, पण मारण्याची ताकद एकाच घराकडे आहे.

शेवटच्या प्रसंगात कौटुंबिक चित्रपटांतील सर्व परिचित खुणा एकत्र आल्या आहेत : दारातली रांगोळी, माहेरून आलेला भाऊ, आईने पाठवलेल्या वस्तू, पाहुण्यांसाठी ठेवलेला चहा. प्रेक्षक समेटाची अपेक्षा करतो कारण अशा दृश्यांनी त्याला तेच शिकवलेले असते. आर्चीही तीच अपेक्षा करते. हत्येचा धक्का त्यामुळे दुणावतो. चित्रपटगृहात शेजारी बसलेल्या पालकाला आणि मुलीला हे दृश्य वेगवेगळ्या बाजूंनी भिडते. एकत्र पाहण्यातील अवघडलेपणाचे मूळ येथे आहे.

आक्षेप आणि चर्चा

चित्रपटावर प्रामुख्याने तीन प्रकारचे आक्षेप घेतले गेले. पहिला असा की शिकण्याच्या वयातील मुलामुलींचे प्रेम त्यात आकर्षक रूपात दाखवले आहे आणि त्याने पळून जाण्यास उत्तेजन मिळेल. दुसरा आक्षेप एका विशिष्ट समाजाला खलनायक म्हणून रंगवल्याचा होता. तिसरा आक्षेप उलट बाजूचा होता : पूर्वार्धातील गाण्यांनी आणि विनोदाने जातीच्या प्रश्नाची धार बोथट केली आणि प्रेक्षक ‘झिंगाट’ घेऊन घरी गेला, असे काही समीक्षकांचे म्हणणे होते.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देताना चित्रपटाच्या उत्तरार्धाकडे लक्ष वेधले जाते. पळून गेल्यानंतरचे जगणे इतक्या तपशिलाने मराठी चित्रपटात यापूर्वी फारसे आलेले नव्हते. खोलीचे भाडे, कामाचे तास, परकी भाषा, एकटेपणा आणि परस्परांवरील चिडचिड हे सर्व त्यात आहे. प्रेम खरे असणे आणि संसार पेलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो दाखवतो. त्याच वेळी प्रेम करणे हा गुन्हा असल्याचा निष्कर्ष तो काढू देत नाही, कारण सर्व अडचणींतून संसार उभा राहिल्यानंतर हत्या घडते. जोडपे चुकले म्हणून मेले, असे म्हणण्याची वाट कथेने बंद केली आहे.

सामाजिक आणि कायदेशीर संदर्भ

चित्रपटातील शेवट काल्पनिक असला तरी अपरिचित नव्हता. करमाळ्याला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांची प्रेमसंबंधाच्या कारणावरून हत्या झाली होती. या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. तेथील आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग २०१४ पासून खुनामागील हेतूंमध्ये प्रतिष्ठेपायी झालेल्या हत्यांची वेगळी नोंद ठेवू लागला. अशा हत्यांसाठी देशपातळीवर स्वतंत्र कायदा नाही. खटले खुनाच्या सर्वसाधारण तरतुदींखाली चालतात.

सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात २७ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निकालात दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने विवाहाचा निर्णय घेतल्यास कुटुंब, समाज किंवा जातीची संमती आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. अशा जोडप्यांसाठी जिल्हास्तरावर विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आणि सुरक्षित निवारा यांची व्यवस्था करण्याचे निर्देशही त्यात आहेत.

विवाहासाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाहापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते व ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. घरातून धोका असलेल्या जोडप्यांसाठी हा महिना अडचणीचा ठरतो. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, २०१२ लागू होतो आणि संमती ग्राह्य धरली जात नाही. महाराष्ट्रात जातपंचायतीने टाकलेल्या वाळीतविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला; परश्याच्या वडिलांवर ओढवतो तसा प्रसंग या कायद्याच्या कक्षेत येतो.

कोरियन प्रेममालिकांशी तुलना

सैराटनंतरच्या काळात भारतीय घरांत कोरियन प्रेममालिका हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन किंवा उपशीर्षकांसह पाहिल्या जाऊ लागल्या. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही २०१६ ची मालिका २०१७ मध्ये झिंदगी वाहिनीवर हिंदीत दाखवली गेली. या मालिकांना ‘सहकुटुंब पाहण्याजोग्या’ म्हणून पसंती मिळते, कारण त्यांत प्रेम बहुधा संयत आणि हळूहळू फुलणारे असते. दक्षिण कोरियात दूरचित्रवाणी कार्यक्रमांना सर्वांसाठी, ७, १२, १५ आणि १९ वर्षे असे वयोगट दिले जातात व ते पडद्यावर दिसतात.

वास्तववादी कोरियन प्रेमकथेचे उदाहरण म्हणून ‘समथिंग इन द रेन’ (२०१८) ही सोळा भागांची मालिका घेता येते. त्यात तिशी ओलांडलेली नोकरदार स्त्री आणि तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ यांचे प्रेम आहे. मुलाचे घर आपल्या तोलाचे नाही म्हणून नायिकेची आई त्याला कडाडून विरोध करते. कार्यालयातील लैंगिक छळाचे कथानकही त्याला समांतर चालते. कोरियातही विवाहावर कुळाची बंधने कायद्याने होती : एकच आडनाव आणि एकच मूळस्थान असलेल्यांच्या विवाहावरील बंदी तेथील संविधान न्यायालयाने १९९७ मध्ये घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये ती कायद्यातून वगळली गेली. सगोत्र विवाहाच्या निषेधाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही.

दोन्हींतील फरक विरोधाच्या टोकात आहे. कोरियन मालिकेतील आई अबोला धरते, अपमान करते, मुलीला घरात कोंडते. प्रेमिकांचा वियोग होतो, पण ते जिवंत राहतात आणि पुन्हा भेटू शकतात. म्हणून ती कथा कौटुंबिक जवळीक न मोडता पाहता येते. सैराटमधील विरोधानंतर भेटायला कोणी उरत नाही.

सन्मान, पुनर्निर्मिती आणि शेवटातील बदल

६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रिंकू राजगुरूला अभिनयासाठी विशेष उल्लेख मिळाला. ही घोषणा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, मार्च २०१६ मध्ये झाली होती.

चित्रपटाच्या अन्य भाषांत आवृत्त्या निघाल्या. ‘मनसु मल्लिगे’ (कन्नड, २०१७) मध्ये रिंकू राजगुरूनेच पुन्हा नायिकेची भूमिका केली. पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ (२०१७) आणि उडियात ‘लैला ओ लैला’ (२०१७) हे चित्रपट आले. हिंदीतील ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यात कथा उदयपूरमध्ये घडते आणि जातीचा संदर्भ पुष्कळ पातळ झाला आहे. शेवटही वेगळा आहे : नायक आणि मूल मारले जातात, नायिका वाचते. मूळ चित्रपटात मूल वाचते आणि रस्त्यावर रडत बाहेर येते. प्रश्न पुढच्या पिढीकडे सोपवणारा मूळ शेवट आणि जिवंत राहिलेल्या स्त्रीच्या आक्रोशाचा हिंदी शेवट यांतील भेद समीक्षकांनी नोंदवला आहे.

मंजुळे यांनी पुढे ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट नागपुरात चित्रित केला. नागपुरातील विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावर आधारलेला हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. आकाश ठोसर आणि रिंकू राजगुरू यांच्या त्यात छोट्या भूमिका आहेत. त्यातही वस्तीतला तरुण आणि भिंतीपलीकडच्या महाविद्यालयातील मुलगी यांच्यातील आकर्षणाचा धागा आहे. मात्र तेथे ते आकर्षण मुख्य कथेच्या कडेला राहते आणि कोणाच्याही जिवावर बेतत नाही.